कस्तुराबाईची चाल

फोन ठिव रविराज. लाईट यायला येळ हाय, तवर ऐक. सारिके, तूबी जवळ ये.

पाबळचा हौशीराम माझा भजनातला जोडीदार. पेटी वाजवायचा. अभंग कुठलाबी द्या, त्याला दुसरीच चाल लावून मोकळा. आता सांगतो ते त्यानंच मला सांगितलंय. खोटं बोलणारा माणूस न्हाई.

मागच्या मार्गशीर्षातली वद्य दशमी, मंगळवार. कोरेगाव भीमाला दुरुस्तीला टाकलेली पेटी स्कूटरला बांधून तो घरी निघाला. रात्रीचे पावणेअकरा. दुसऱ्या दिवशी भजनाची स्पर्धा, म्हणून वाटेतच त्यानं अभंग धरला. कस्तुराबाईच्या चालीवर.

कस्तुराबाई त्याची बायको. तिला जाऊन तवा सहा महिनं झालं होतं. ती चाल तिच्या अंगाईची. तीस वर्षांमागं त्यांची आठ महिन्यांची लेक तापानं गेली. त्या रात्री हौशीराम परगावी, भजनात. पुढं तीच चाल त्यानं अभंगाला लावली, लोकांनी वाहवा केली. कस्तुराबाई एवढंच म्हणाली, "अवो, त्या चालीत माझी लेक निजलीया. दुसरं शब्द घालून तिला उठवू नका."

त्यानं ऐकलं न्हाई.

तर, वढू गाव मागं पडलं. रस्त्याला चिटपाखरू न्हाई. दुसरं कडवं चाललेलं... आन् पाठीमागं मूल रडलं.

त्यानं गाडी उभी केली. वळून बघितलं. नुसती पेटी.

गाणं थांबलं. रडणं थांबेना.

त्याला वळख पटली, आपल्याच लेकीचं रडणं.

त्यानं चाल धरली, निजवायला. पण अंगाईचे शब्द? ते त्याला कधी ठाऊकच नव्हते. घरी होता कुठं? तोंडात अभंगच येई... आन् पोर आणखी रडे.

तो कडेला मांडी घालून बसला. "कस्तुरा, चुकलो. शब्द सांग गं..."

रडणं चालूच.

मग अगदी जवळनं... हळू...

"नीज गं मैना, चांदणं दारी... बा गेला गावा, माय शेजारी..."

तो मागनं म्हणत गेला. 'बा गेला गावा' आलं, आन् तो अडला. पुढं जाईना.

"बा..." त्यानं म्हटलं. "बा... शेजारी..."

कुणी टोकलं न्हाई.

रडणं हुंदक्यावर आलं. मग... थांबलं.

पहाटं दूधवाल्याचा मला फोन. मी गेलो. हौशीराम मांडी घालून तिथंच बसलेला, हळूहळू मांडी हलवत. मी तोंड धुवायला पाणी दिलं. त्यानं मान वर केली...

डाव्या गालावर लेकराची तीट उमटली होती. काजळाची.

मी बोट लावून बघितलं. ओली होती.