उद्या वाचतो

खोटं वाटेल तुम्हाला, पण मी दवाखान्यात गेले ती फक्त वाचून दाखवायला. बाबांचं बोलणं बंद होऊन महिना झाला होता. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा." वर्तमानपत्राला बाबा ढिम्म हलेनात. म्हणून त्यांची गोच्या डावांची वही नेली. गो म्हणजे रेघांच्या पाटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी एकमेकांना वेढायचं. पुरता वेढला गेला तो गट मेला. आत दोन घरं मोकळी राखली तर जगला. मला त्यात काडीचा रस नाही, पण बाबांसाठी काय वाट्टेल ते.

शेवटचा डाव घड्याळकाकांशी होता. काका घड्याळं दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात बाबांना छळायचे. "कोपरा मेला तुझा! जगतो म्हणतोस, तर सोंगट्यांना हात न लावता वाचून दाखव." म्हणजे दोघांच्या पुढच्या खेळ्या तोंडी सांगायच्या. बाबा म्हणाले, "उद्या वाचतो." त्याच रात्री काका झोपेत गेले. त्याला दोन वर्षं झाली.

दुपारचे तीन वाजले होते. शेजारची खाट रिकामी होती. सोंगटीचा रंग, आडव्या-उभ्या रेघांचे आकडे, असं वाचत वाचत मी शेवटच्या ओळीवर आले. "काळी, दोन-तीन. संपलं, बाबा."

टक्.

पाटावर सोंगटी ठेवल्याचा आवाज. रिकाम्या खाटेकडून. मग घड्याळाच्या तेलाचा वास... आणि हळूच, "पांढरी, एक-दोन... वाच."

काका बाबांना न्यायला आले, दुसरं काय! मी बाबांचा हात घट्ट धरला.

बाबांचे ओठ हलले. "काळी... दोन... एक."

"एक-चार..."

अशा नऊ खेळ्या झाल्या. मग बाबा स्पष्ट म्हणाले, "दोन घरं. जगलो."

खाटेवरून बारीक हसू आलं. "बरं बाबा, जगलास." वास गेला.

"चहा आण," बाबा म्हणाले. मी ढसाढसा रडले, इतकं हलकं वाटलं.

आता बाबा घरी आहेत आणि दिवसभर बडबडतात. काल वही उघडली. त्या नऊ खेळ्या तिच्यात लिहिलेल्या, काकांच्या तिरक्या अक्षरात. कोपरा जगला म्हणजे काका हरले; आणि हरेल त्याने पुढच्या डावात काळ्या घेऊन पहिली खेळी करायची, हा दोघांचा नेम. पुढच्या पानावर त्याच अक्षरात एकच ओळ होती: काळी, चार-चार.

"काय गं बघतेस?" आतून बाबांचा खणखणीत आवाज आला. "मोठ्याने वाच की!"

मी वही मिटली. "उद्या वाचते," म्हटलं.