हिरवा बंब

चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं काढली की निरखून बघायची खोड लागते. दुकानाचं शटर ओढलं तरी ती जात नाही. माझी ती खोड गाड्यांवर खर्च होते. गाड्या म्हणजे खेळण्यातल्या, ओतीव धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या, कारखाना बंद पडूनही आता पन्नास वर्षं होतील अशा. लोकांना वाटतं, एक आगीचा बंब घेतला की झालं. कसलं काय, त्याच बंबाच्या लाल रंगाच्या चार छटा निघतात. साचा मध्येच दुरुस्त केलेला, म्हणून शिडी अडकवायचे आकडे आधी दोन, मग तीन. तळाचं रिव्हेट कधी चपटं, कधी फुगीर. माझ्याकडे या एका बंबाचे सव्वीस नमुने होते. ही म्हणायची, "अहो, एकच गाडी सव्वीस वेळा घेणाऱ्या माणसाला लोकांचे डोळे तपासायला बसवलं कुणी?"

नव्हता तो फक्त हिरवा. तीन आकड्यांचा हिरवा बंब निघाल्याचं सगळे सांगायचे, बघितलेला एकही भेटत नव्हता. तो रंगाऱ्याकडे आहे, असं मात्र ऐकून होतो. रंगारी हे आम्हा गाड्या जमवणाऱ्यांनीच पाडलेलं नाव. हा गृहस्थ दुर्मिळ रंगांचे नमुने बाळगतो, विकत कधीच नाही, फक्त अदलाबदल करतो. पत्ता म्हणजे टपाल खात्यातल्या पेटीचा एक नंबर. मी लिहिलं. त्याने माझ्या कपाटाचा फोटो मागितला. मी काढून पाठवला. उत्तर आलं, "फोटोत दिसतं त्यातलं एक चालेल?" मी हरखून लिहिलं, "कुठलंही घ्या."

वाटलं, आता तो कुठली गाडी हवी ते कळवेल आणि मी पार्सल करेन. पण आठवड्यात हिरवा बंबच दारात. सोबत चिठ्ठी: "तुमच्याकडचं मिळालं. आभारी आहे."

मी तर काहीच पाठवलेलं नव्हतं. कपाटातल्या तीनशे बारा गाड्या दोनदा मोजल्या. एकही कमी नव्हती. म्हटलं, याचा काहीतरी घोळ झालाय, आपण कशाला तोंड उघडायचं. खोटं कशाला बोलू, मनातून उकळ्या फुटत होत्या.

त्याच सुमारास हिचं डोकं दुखायला लागलं. "चष्मा लावला की दुखतं," ती म्हणायची. मी बंबावर भिंग धरून म्हणायचो, "काच पुसून बघ." असे चार महिने गेले. चार महिने, हे मी नंतर कॅलेंडर काढून मोजलं.

शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून हिला दुकानात बोलावून खुर्चीवर बसवलं.

"उजव्याने वाच."

तिने उघड्या डोळ्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी तिच्या नंबरांचं जुनं कार्ड बघितलं. हिच्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या बाकाचा, मोठा नंबर, कॉलेजात असल्यापासूनचा. लग्नानंतरचा प्रत्येक चष्मा मीच केलेला. हा नंबर थोडाफार सरकतो, पाटीवरून पुसल्यासारखा जात नाही. मी यंत्र दुसऱ्यांदा लावलं. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?"

"काही नाही. यंत्र बिघडलंय."

यंत्र बिघडलेलं नव्हतं. ती गेल्यावर मी त्यावर स्वतःचे डोळे तपासले, माझे नंबर जिथल्या तिथे होते.

रविवारी जेवण झाल्यावर ती कोचावर आडवी झाली. माझ्या हातात भिंग होतंच. मुलगी दहा महिन्यांची असताना तिने हिच्या कानातली रिंग ओढली होती, डाव्या पाळीला तीन टाके पडले होते. तो व्रण मी रोज बघत आलो होतो. निदान तशी माझी समजूत होती. मी वाकलो. पाळी गुळगुळीत होती. टाके नव्हते, व्रण नव्हता, काही नव्हतं.

भीतीच्याही आधी वाटली ती लाज. रिव्हेटमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला हातभर अंतरावरून ओळखू येतो.

रंगाऱ्याला पाठवलेल्या फोटोची प्रत शोधून काढली. गाड्यांच्या सहा ओळी अगदी स्वच्छ आल्या होत्या. आणि उजव्या कडेला, हातात फडकं घेऊन, कपाटाला टेकून ही उभी होती.

मुलीला फोन लावला. "आईत तुला काही फरक वाटतो का गं?"

"परवाच तर तासभर बोललो. मस्त आहे की ती. बाबा, तुम्ही भांडलात का?"

भांडण कसलं? हिला सगळं आठवत होतं. लग्नात माझा बूट हरवलेला, माझ्या आईची बोलणी, सगळं. आमटीची चव तीच होती. हसणंही तेच. कुणालाही विचारलं असतं तर म्हणाला असता, याचंच डोकं फिरलंय.

दुसऱ्या दिवशी बंब कापसात गुंडाळला आणि पत्र लिहिलं. "चूक झाली. अदलाबदल रद्द करा. माझी बायको परत पाठवा." खाली सही, तारीख. पार्सल रजिस्टर करून आलो.

संध्याकाळी ती कपाट पुसत होती. हात मध्येच थांबला.

"हिरवा कुठे गेला?"

"परत पाठवला."

तिने पाठमोरीच राहून फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"तू कोण आहेस?"

"असं काय विचारता?" ती वळली. "माझं काही चुकलं का?"



त्यानंतरचे नऊ दिवस आम्ही एकमेकांशी फार जपून वागलो. दाराची बेल वाजली की दोघंही दचकायचो. ती माझ्याआधी उठायची आणि दारापर्यंत जाऊन थांबायची, उघडायची नाही.

दहाव्या दिवशी ती अंघोळीला गेली असताना पोस्टमन आला.

खोकं हलकं होतं. कापसात हिरवा बंब होता. तीन आकडे, फुगीर रिव्हेट.

खाली पत्र.

"अदलाबदलीत परतीची बोली नव्हती. तरी तुमचं पत्र मी त्यांना वाचायला दिलं. निर्णय त्यांचा."

पुढचं अक्षर वेगळं होतं. किंचित डावीकडे झुकलेलं, वेलांट्या मोकळ्या सोडलेलं. हे अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

"रोज वाटायचं, आज यांच्या लक्षात येईल. तुमच्या पत्रावरची तारीख पाहिली. आता राहू द्या."

मी ते तिथेच दारात उभा राहून तीनदा वाचलं.

आतून बादलीचा आवाज थांबला.

"अहो, कोणाचं पत्र आलंय?"

मी कागदाची घडी घातली.

"कोणाचं नाही," मी म्हणालो.