आता लागत नसलेल्या गोष्टी

तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या छंगकुंग बंदरात मासळीचा लिलाव दुपारी अडीचला सुरू होतो. तोवर आमच्या मच्छीमार संस्थेचा सर्व्हर चालू नसेल, तर सगळे दलाल माझ्या नावानं ओरडतात. म्हणून मी अपडेटचं काम नेहमी सकाळी नऊला काढते. डिसेंबरातल्या त्या मंगळवारीही तसंच केलं. लख्ख ऊन होतं, ईशान्येचा वारा सुटला होता आणि भाल्यानं मोठे मासे मारणाऱ्या आमच्या बोटी पहाटेच बाहेर गेल्या होत्या.

सर्व्हर म्हणजे वरच्या मजल्यावर, वायरलेसच्या खोलीत कोपऱ्यात उभं असलेलं एक करडं कपाट. लिलावाचा फलक आणि बोटींची नोंद, दोन्ही त्याच्यावर चालतं. आतली प्रणाली कुणाच्याच मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि सगळ्यांना खुली. अकराशे दिवस हे यंत्र बंद झालं नव्हतं. पण आता त्याचं कर्नल, म्हणजे बाकी सगळ्या प्रोग्रामांवरचा मुकादम, बदलणं भाग होतं. जुन्यात एक भोक सापडलं होतं आणि तिथून कुणीही आत शिरू शकत होतं.

कपाटावर नारळाच्या खाऊची हिरवी पुडी ठेवलेली असते. ती असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. तैवानात कुठल्याही संगणकवाल्याला विचारा. मी विज्ञानाची पदवीधर आहे. तरी पुडीची तारीख उलटलेली नाही ना, हे मी आधी बघून घेतलं.

"काय गं लीवन, आज यंत्राला आंघोळ?" पानायमावशीनं विचारलं. वायरलेसवर गेली तीस वर्षं तीच बसते. इथल्या आमिस या आदिवासी जमातीची आहे, साठीला आलीय, आणि हसली की खाली बर्फाच्या कारखान्यात ऐकू जातं.

"आंघोळ नाही मावशी, डोकंच बदलायचंय."

"मग लगे हात आमच्या साहेबांचंही बघ."

संस्थेचे सचिव वेइसाहेब तेव्हा डावा गुडघा धरून, एकेक पायरी मोजत वर येत होते. "ऐकू येतंय मला, पानाय."

"येऊ दे की! कान तरी शाबूत आहेत म्हणायचे."

तीनशे बारा पॅकेजेस, म्हणजे प्रणालीचे सुटे तुकडे, बदलायची होती. प्रत्येकाबरोबर एक छोटी टीप येते: काय बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं. लोक त्या वाचत नाहीत. मी वाचते, तेही मोठ्यानं, कारण मावशीला करमणूक होते. साठ-सत्तर टिपा नेहमीसारख्याच होत्या. मग एक आली.

"'दक्षिणेकडची खिडकी. कडी अडकत होती. दुरुस्त.'"

मावशी खो खो हसली. आमच्याही खोलीला दक्षिणेकडे एक खिडकी होती; आम्ही तिथं बसायला लागल्यापासून ती कधी उघडलेली कुणाला आठवत नव्हती. तिनं जाऊन कडीला बोट लावलं. कडी लोण्यातून सुरी जावी तशी सरकली आणि खाऱ्या वाऱ्यानं टेबलावरचे कागद उडवले.

"कुणीतरी तेल घातलं असणार," मी म्हणाले. टीप कुणी चावटपणा करून घुसवली असेल म्हणून पॅकेजवरची, ते बनवणाऱ्यांची डिजिटल सही तपासली. सही खरी होती.

वीसेक टिपांनंतर दुसरी आली. "'वेइ. डावा गुडघा. झिजलेला भाग बदलला.'"

साहेब खुर्चीतून उठले. बसले. पुन्हा उठले. मग जिना धडाधड उतरले आणि तसेच धडाधड वर आले. चेहऱ्यावर दहा वर्षांच्या पोराचं हसू होतं.

"लीवन," ते धापा टाकत म्हणाले, "थांबवू नकोस हे."

"आणि माझं? माझं काही आहे का बघ ना!" मावशी माझ्या खांद्यावर रेलली.

तिचंही होतं. "'पानाय. एक गाणं हरवलं होतं. परत बसवलं.'"

 मावशीच्या तोंडून हळूच एक सूर आला आणि त्यामागून अख्खं गाणं. तिची आई बाजरी कांडताना म्हणायची ते. चाळीस वर्षं तिला त्याची फक्त पहिली ओळ आठवत होती. आता ती डोळे पुसत, हसत, टेबलावर ठेका धरून गात होती आणि साहेब नव्या गुडघ्यावर नाचत होते. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण इतक्या आनंदात कुणाला भीती सुचते?

शेवटी पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. 'खालील गोष्टी आता लागत नाहीत. काढून टाकायच्या?' खाली पाच ओळी. अशा यादीत जुनी कर्नल असतात. पहिल्या चार ओळी तशाच होत्या. पाचवी मी वाचली नाही. गाणं ऐकत, मान डोलवत मी 'हो' दाबलं.

मग यंत्र बंद करून चालू केलं. चार मिनिटं पडदा काळा होता आणि मी हिरव्या पुडीकडे बघत बसले होते. आलं सगळं! फलक लागला, बोटींचा नकाशा उघडला. एकोणीस बोटी, एकोणीस ठिपके. साहेबांनी खालून नूडल्स मागवले आणि आम्ही उशिरापर्यंत जेवत बसलो.

पावणेदोनला वायरलेस खरखरला.

"पानाय, चिन-युंग बोटीवरून बोलतोय. दोन मोठे मिळालेत, बर्फ तयार ठेव. आणि गाऊ नकोस, मासे पळतील!"

मोकळा, खेळकर आवाज. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "चिन-युंग कुठली?"

मी यादी पाहिली. या नावाची बोट नव्हती. फडताळातलं बोटींच्या नोंदणीचं जुनं पुस्तक काढलं. त्यातही नव्हती.

"कोण बोलतंय?" मावशीनं विचारलं.

"घ्या! तीस वर्षांनी विचारतेय कोण म्हणून." तो हसला. "लीवन आहे का तिथं? लीवन, आईच्या बोटाचे टाके निघाले का गं?"

गेल्या आठवड्यात भोपळा चिरताना आईचं बोट कापलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी यंत्राकडे धावले. काय काय काढलं त्याची नोंद उघडली. चार जुनी कर्नल. पाचवी ओळ कोरी. परत बसवायची आज्ञा देऊन 'चिन-युंग' लिहिलं. उत्तर आलं: 'या नावाचं काही कधीच नव्हतं.'

पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"अरे, पुरे झाली थट्टा," आवाज म्हणाला. आता त्यात हसू कमी होतं. "साहेबांना द्या जरा."

वेइसाहेबांनी माईक घेतला.  "आपण कुठं आहात?"

"आपण? मला आपण?" मागे इंजिन मंदावल्याचा आवाज आला. "साहेब, मी बंधाऱ्याच्या आत आलोय. तुम्ही तिघं मला खिडकीत दिसताय."

आम्ही खाली पाहिलं. बंदराचं तोंड रिकामं होतं. पाण्यावर ऊन चमकत होतं.

"धक्क्याला लागतोय. कुणीतरी दोर घ्या."

धक्क्यावर दोन माणसं जाळं शिवत बसली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"दोर घ्या ना कुणीतरी."

दोन बोटींच्या मधे एक जागा मोकळी होती. तिथं भिंतीला जुने टायर टांगलेले आहेत, बोट घासू नये म्हणून. आम्ही बघत असताना त्यातला पहिला टायर हळूहळू चेपला गेला. मग दुसरा. मग तिसरा.

बराच वेळ ते तसेच दबलेले होते. मग एकेक करून पुन्हा गोल झाले.