गार हातांचा लळा

बाळ बघायला येणारी माणसं पूर्वी म्हणे आधी हात धूत. निफाडच्या बोरस्त्यांकडे येणारी आधी हातमोजे काढत. मोजे काढायचे, बोटांवर फुंकायचं, "अगंबाई, कित्ती गोड!" म्हणायचं आणि ओजसला जे मांडीवर घ्यायचं, ते अंगातली हुडहुडी जाईपर्यंत सोडायचंच नाही. त्यातलं कौतुक कुठे संपतं आणि शेक कुठे सुरू होतो, हे ओजसची आजी केतकीबाई कोपऱ्यात बसून बरोबर हेरत. शेजारच्या भामरेकाकूंनी तर एक झबलं आणलं होतं आणि त्यावर आठवडाभर येत होत्या.

"काकू, झबलं फिटलं हो," केतकीबाई म्हणाल्या. "उद्यापासून येताना दुपटं आणा."

"काय बाई बोलता! लेकराचा लळा लागलाय मला."

"लागणारच. लळ्याला सरपण लागत नाही ना."

सरपण ही निफाडात आता चेष्टेची गोष्ट उरली नव्हती. हिमयुग म्हणजे दारात बर्फाचे डोंगर, असं लोकांना वाटे. पण बर्फ होता तो हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे. निफाडच्या वाट्याला आली होती हाडं पोखरणारी कोरडी थंडी. समुद्रच गारठला तर वाफ कुठून उठणार आणि पाऊस कुठून पडणार? द्राक्षबागा गेल्या. एके काळी कडाका पडला की या गावची माणसं वेली जगवायला बागेत शेकोट्या पेटवत. आता माणसं जगवायला त्याच वेली तोडून जाळून झाल्या होत्या.

तेव्हा शास्त्रज्ञांनी सरपण माणसाच्या अंगातच शोधलं. आपल्या शरीरात दोन तऱ्हेची चरबी असते. पांढरी साठवून ठेवते, तपकिरी जाळून टाकते. ना हालचाल, ना कुडकुडणं, नुसती ऊब. तान्ह्या बाळाच्या खांद्यांमागे ही तपकिरी चरबी असते आणि मोठं होता होता बरीचशी विरून जाते. ती विरू नये, उलट वाढत जावी, असा फेरफार गर्भातच करणारं एक इंजेक्शन निघालं. त्याचं सरकारी नाव ऊबबीज. ते घेऊन जन्मलेल्या पोरांना गाव म्हणे निखारे. ओजस हा गल्लीतला पहिला निखारा.

त्याचा बाप मंदार कोकणात, गरम झऱ्यांवर वीज काढायच्या कामावर होता. घरात सासू, सून आणि हे लेकरू. आणि लेकरू होतं आजीवेडं. आईने, सावनीने, कुशीत घेतलं की वळवळायचं, तोंड फिरवायचं. केतकीबाई दिसल्या की दोन्ही हात पुढे. झोपायचं तेही आजीच्याच गोधडीत.

"आई, आज तरी माझ्याजवळ झोपू दे ना त्याला," सावनी म्हणे.

"घे की! मी काय बांधून ठेवलंय? माझ्या अंगाची सवय झालीय त्याला. मी ऊब देते."

सावनी घेई. तो किंचाळे. सावनी परत देई. केतकीबाई तोंडाने "अगं, अगं" करत, पण चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्याचं समाधान लपत नसे. शिवाय हिवाळाभर निळी पडणारी त्यांची बोटं यंदा वळत होती, गुडघेही सुटले होते. नातू झाल्याचा आनंद, दुसरं काय!

पण ओजस वाळायला लागला. दिवसभर सावनीच्या अंगावर पीत होता, तरी बरगड्या दिसायला लागल्या. केतकीबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या चांगल्या. "भामऱ्यांचीच दृष्ट," त्या म्हणाल्या. तरीही वजन उतरतच राहिलं, तेव्हा सावनी ऐकेना. दोघी त्याला घेऊन डॉक्टर पगारेबाईंकडे गेल्या. ऊबबीज त्यांनीच टोचलं होतं.

डॉक्टरांनी ओजसच्या खांद्यांमध्ये एक चकती चिकटवली आणि त्याला सावनीकडे दिलं. शेजारच्या पडद्यावरची रेघ सरळ राहिली. मग केतकीबाईंकडे दिलं. तो हसला, आजीच्या तळव्यावर गाल घासू लागला, आणि रेघ चढायला लागली.

"आजी, हात बघू. अहो, हे हात आहेत की कुल्फ्या?"

"म्हातारीचे हात आहेत. त्याला काय होतंय?"

"त्याच्या कातडीला गारवा लागला की आतली भट्टी पेटते. भट्टीत जळतं काय? आईचं दूध. तुम्हाला वाटतं तुम्ही ऊब देता. आजी, ऊब तुमच्याकडून नाही, तुमच्याकडे येते. रात्रभर. दूध तो पितो आणि अंगी तुमच्या लागतं."

केतकीबाईंनी ओजसला अलगद सुनेच्या मांडीवर ठेवलं. भामरेकाकूंना ऐकवलेला एकेक टोमणा त्यांना आता आपल्याच मापाचा वाटत होता.

"म्हणजे नातवाला मी खात होते. आणि दृष्ट काढत होते शेजारणीची."

"आई, तुम्हाला काय ठाऊक," सावनी म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. मग ती डॉक्टरांकडे वळली. "पण याला तरी कळायला नको? त्रास होतो तर हा यांच्याकडेच का झेपावतो?"

डॉक्टर चकतीची वायर गुंडाळू लागल्या. "पहिल्या निखाऱ्यांची भट्टी पेटायची, पण थंडीही बोचायची. रडून रडून बेजार व्हायची पोरं. मग आम्ही थंडी त्यांना गोड लागेल अशी सोय केली. गारवा लागला की जिवाला सुख. रडणं थांबलं. आम्ही तेव्हा पेढे वाटले होते."

घरी आल्यावर केतकीबाईंनी आपलं अंथरूण ओसरीलगतच्या खोलीत हलवलं. भामरेकाकूंना दारातूनच परत पाठवलं; पण या वेळी टोमणा न मारता, उलट काकूंच्या हातात आपली लोकरी शाल देऊन. ओजस काही दिवस ऊर फुटेस्तोवर रडला. मग रडून थकला आणि भरू लागला. केतकीबाईंची बोटं पुन्हा निळी पडली. सून पाणी तापवून देऊ लागली, तर त्या म्हणत, "राहू दे गं. पोराच्या आंघोळीला ठेव."

एका दुपारी ओजस रांगायला लागला. केतकीबाई खाटेवर बसल्या होत्या, हात काखेत दडवून. तो त्यांच्याकडे बघून खिदळला आणि निघाला.

"नको रे राजा. आजी गार आहे."

तो येतच राहिला. एवढं दूर ठेवलं तरी लेकरू विसरलं नाही! त्यांचा निर्धार सुटला, काखेतले हात आपोआप पुढे झाले.

ओजस खाटेपाशी आला आणि खाटेखालून पुढे गेला. ओसरीच्या दाराच्या फटीत दहिवर गोठून पांढरी रेघ धरली होती. त्याने तिच्यावर दोन्ही तळवे टेकले, मग गाल टेकला, आणि डोळे मिटून हसला. अगदी तेच हसू. तेच गाल घासणं.

"आई! उचला त्याला!" आतून सावनी ओरडली.

केतकीबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारापेक्षा आपण ऊनच म्हणायच्या. त्यांनी त्याला उचलून पदरात गुंडाळलं आणि दाराला पाठ केली.

आजीच्या कडेवर ओजस त्या दिवशी पहिल्यांदा रडला. तिच्या खांद्यावरून दोन्ही हात दाराकडे पसरून.