रिकाम्या खुर्चीला दिलेला शब्द

पहिलंच सांगतो. ही थाप नाही.

आमचं अख्खं कुताइसी गाव मला थापाड्या म्हणतं, आणि बरोबरच म्हणतं. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

रात्रबित्र नव्हती. गेल्या ऑक्टोबरातली भर दुपार. राजधानीत, तिबिलिसीत, सोलोलाकी भागातल्या एका गल्लीत, तळघरातली खानावळ.

मी दारूच्या बाटल्यांची बुचं विकतो. तिथं वाइनवाल्यांचं प्रदर्शन होतं, म्हणून कंपनीनं आम्हा चौघांना पाठवलेलं. मी, मुर्ताझ, जुंबेर आणि आमचे म्होरके बोंडोकाका.

तिबिलिसीला कामाला गेलं की काम पहिल्या दिवशी उरकायचं. दुसरा दिवस शहराचा! सकाळी गंधकाच्या हमामात गेलो. मुर्ताझ वाफेत डोळे मिटून पडला होता. मी त्याची विजार पळवली. गडी पंचा गुंडाळून गल्लीत माझ्यामागं, आणि समोर नवरानवरीचे फोटो चाललेले. नवरी इतकी हसली की फोटोवाल्यानं मुर्ताझलाच मधे उभा केला.

"गोचा, एक दिवस तुझीपण कुणीतरी अशीच जिरवेल," तो म्हणाला.

जिरवली.

संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. काहीही झालं तरी. माझ्या लेकीचे, तेओनाचे, दिवस भरले होते. "बाबा, बाळाच्या आधी पोच, नाहीतर तोंड दाखवू नकोस," असा दम देऊनच तिनं मला सोडलेलं.

तेवढ्यात एक शेवटचं जेवण, म्हणून त्या तळघरात उतरलो. छताला लागून एकच खिडकी. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. वर कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. मजा होती.

टेबलाला पाच खुर्च्या होत्या. पाचव्या खुर्चीपुढं ताट मांडलेलं. प्याला काठोकाठ भरलेला.

"मावशी, हे कुणाचं?" मी मालकिणीला विचारलं.

"राहू दे ते," ती म्हणाली. बस. एवढंच.

आमच्या मेजवानीचे कायदे कडक. टेबलाचा एक टमाडा असतो, त्या दिवशी बोंडोकाका. तो प्याला उचलून बोलतो, मग सगळे पितात. त्यानं बोलून 'अलावेर्दी' म्हणत ज्याच्याकडं प्याला दाखवला, त्यानं तेच बोलणं पुढं न्यायचं. कुणी बोलत असताना उठायचं नाही. आणि टमाडानं शेवटचा प्याला उचलेपर्यंत टेबल सोडायचं नाही.

बोंडोकाकांनी गेलेल्या माणसांच्या नावानं प्याला उचलला. बोलले. मग म्हणाले, "अलावेर्दी, गोचा!"

मी माझ्या बापाबद्दल दोन शब्द बोललो. आता कुणाला देऊ? मुर्ताझ की जुंबेर?

आणि मला खाज सुटली.

मी पाचव्या खुर्चीकडं वळलो, झुकून सलाम ठोकला. "अलावेर्दी, साहेब! बोला की, लाजता काय?"

जुंबेर खो खो हसला.

मग...

वरचं अकॉर्डियन थांबलं.

जुंबेरचं हसू मधेच विझलं. तिघांनी माना खुर्चीकडं वळवल्या. बोंडोकाका हळूहळू मान डोलवायला लागले. समोर कुणी बोलत असल्यासारखे...

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

म्हटलं, हां! विजारीचा बदला. "झकास रे! कधी ठरवलंत?" मी मुर्ताझच्या कानात म्हणालो.

"शू! तो बोलतोय ना."

"कोण?"

"गोचा, थोडी तरी लाज बाळग."

मुर्ताझच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हा माणूस नाटकं करू शकत नाही हो. पत्ते खेळतानासुद्धा तोंडावर दिसतं.

मी खिडकीकडं पाहिलं.

पाय चालत नव्हते. बूट, चपला, एका पोराचे लाल जोडे... सगळे जागच्या जागी. सगळ्यांची टोकं आमच्याकडं वळलेली.

तेही ऐकत होते.

चीज-पाव गार होऊन दगड झाला. गाडीची वेळ जवळ येत चालली होती. मी उठायला गेलो.

पाय हलेनात.

"मावशी!" मी हाक मारली. ती जिन्यावर उभी होती, तोंडाला रुमाल लावून. मान डोलवत.

बोंडोकाकांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा. "बोल म्हणालास ना त्याला? मग संपेपर्यंत बस."

किती वेळ गेला? माहीत नाही. तेओना तिकडं कळा सोसत असेल, आणि मी इकडं एका रिकाम्या खुर्चीपुढं खिळलेलो.

मग तिघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं.

"अलावेर्दी तुला दिलाय त्यानं," बोंडोकाका म्हणाले. "पुढं ने."

"काय पुढं नेऊ? मला काही ऐकूच आलं नाही!"

"आज नको रे, गोचा," जुंबेर कळवळून म्हणाला. "आजच्या दिवस थट्टा नको."

"आईशप्पथ सांगतो..."

"तू बोलल्याशिवाय टेबल उठणार नाही," बोंडोकाका म्हणाले. "कुणीच उठणार नाही."

मला फक्त तेओना दिसत होती. अडकलो की मी जन्मभर जे केलं, तेच केलं.

थाप मारली.

प्याला उचलला. आता पाय हलले! "साहेब बोलले ते सगळं खरं," मी म्हणालो. "त्यांनी जे काही मागितलं, ते दिलं. माझा शब्द."

जुंबेरनं डोकं धरलं. बोंडोकाकांनी छातीवर क्रूस काढला.

आणि पाचवा प्याला...

रिकामा होता.

वर अकॉर्डियन सुरू झालं. खिडकीतले पाय चालायला लागले. बोंडोकाकांनी घाईघाईत शेवटचा प्याला संपवला.

"काय मागितलं त्यानं?" मी विचारलं. जिन्यावर, स्टेशनवर, गाडीत विचारलं. कुणी तोंड उघडेना. गाडीत मुर्ताझनं मला खिडकीची जागा दिली. संत्रं सोलून हातात ठेवलं. सकाळी ज्याची विजार पळवली, त्या मुर्ताझनं!

तेव्हाच माझी टरकली.

इतक्यात बायकोचा, नानुलीचा, फोन आला. "मुलगी झाली! दोघी छान आहेत. अरे, किती वेळा लावला तुला! दरवेळी फोनवर तो म्हातारा बोलतच होता. मधे बोलणं बरं नाही, म्हणून ऐकत राहिले..."

"नानुली. काय बोलत होता तो?"



"घरी ये," ती म्हणाली.

घरीही तिनं सांगितलं नाही. कुताइसीत ज्याला सांगावं तो मांडी थोपटतो. "वा, गोचा! ही बेस्ट जमली!"

उद्या नातीचा बाप्तिस्मा. टमाडा बोंडोकाकाच. मघाशी मी अंगणात टेबलं मांडत होतो. नानुली आतून एक खुर्ची घेऊन आली. नातीच्या पाळण्याला अगदी खेटून ठेवली. समोर ताट मांडलं. प्याला काठोकाठ भरला.

"ही कुणाला?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या तळघरात जुंबेरनं पाहिलं होतं, अगदी तसं.

"तूच तर हो म्हणालास ना, गोचा."