बसायला जागा नाही

केएमटीच्या सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून माझं निम्मं आयुष्य "सरका, सरका" म्हणण्यात गेलं. कोल्हापूरचा माणूस तोंडानं कितीही फटकळ असू दे, बाकावर मात्र तो सरकतोच. कोण आलंय हे बघायच्या आधी त्याचं बूड हललेलं असतं, आणि "बसा की पावणं" मागनं येतं. तिघांच्या बाकावर चौथा बसवायला मला कधी फार आवाज चढवावा लागला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण वॉर्डात जे घडलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. फक्त जागा सोडून बसलेला माणूस मला लांबून ओळखू येतो, बाकीच्यांना येत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भर मे महिन्यात, आम्ही नवराबायको एकाच वेळी दाखल झालो. माझं नाव संयोगिता. मला थोडा दमा, बाकी ठणठणीत. आमचे मालक आकाराम, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. त्यांना साखर होती, बीपी होतं, हृदयात स्प्रिंग बसवलेली होती, आणि आता किडनीचाही रिपोर्ट बिघडला होता. एका होस्टेलच्या जेवणाच्या हॉलात कॉट टाकून वॉर्ड केला होता. भिंतीवर "अन्न वाया घालवू नका" असं अजून लिहिलेलं होतं. माझी कॉट त्यांच्या शेजारीच होती, आणि मधला पडदा मी पहिल्याच दिवशी ओढून बाजूला बांधून टाकला.

डॉक्टर शांभवी निपाणीकडच्या. अंगभर तो पीपीईचा पांढरा सूट, पाठीवर मार्करनं नाव लिहिलेलं, म्हणून ओळखायच्या.

"ताई, खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "एकच आजार असता तर मी एवढी काळजी केली नसती. यांना चार आहेत, आणि ते एकमेकांना जोर देतात. जिवाला धोका आहे."

"धोका हाय म्हंजे माणूस गेल्याला न्हाई की."

"नाही."

"मग झालं तर! ओव्हरलोड गाडी रोज कागलपातूर न्हेतोय आम्ही. जरा सावकाश न्ह्यायची, एवढंच."

त्या हसल्या असाव्यात. चष्म्यावर वाफ धरली होती.

समोरच्या कॉटवर बिद्रीकडच्या चिमणाबाई होत्या. साखर, बीपी, आणि डायलिसिसही चालू. म्हातारी भारी तोंडाळ. चहाला शिव्या, डाळीला शिव्या. मला त्या फार आवडायच्या.

एका दुपारी जेवणं झाल्यावर मी बघते तर चिमणाबाई कॉटच्या अगदी कडेला, लोखंडी दांडीला चिकटून पडलेल्या. निम्मी गादी मोकळी.

"मावशी, मधी सरका. पडशीला की खाली."

"मग पावण्यानं कुठं बसायचं?"

"कुठलं पावणं?"

"हे काय! चौकशीला आल्यात." मास्कमधून त्यांचा आवाज गोड येत होता, आणि तेच मला खटकलं. त्या मोकळ्या गादीकडं वळल्या. "साखर तर जुनीच हाय बघा. बीपी त्येच्या मागनं आलं. किडनीचं म्हणाल तर..."

हॉलात उकाडा मरणाचा. ऑक्सिजनच्या बाटल्यांमधलं पाणी बुडबुडत होतं. मोकळ्या जागेवरची चादर मधोमध खाली दबली होती. गादी जुनी असेल, मी मनात म्हटलं. ऑक्सिजन कमी पडला की माणूस बरळतं, हेही मला ठाऊक होतं.

सकाळी चिमणाबाईंची कॉट रिकामी होती. नवी चादर घातलेली, कडक, सुरकुती नसलेली. मी तोंडावर पदर घेऊन रडले. दोन दिवसांची ओळख, पण रडले.

मग रुद्राप्पा. गुळाचे व्यापारी, सीमेकडचे, अंगानं दांडगे. साखर आणि हृदय, दोन्हीचं जुनं दुखणं. मला "अक्का, अक्का" करायचे आणि फोनवर गुळाच्या रव्या-ढेपांवरनं पोरांना झापायचे. त्यांना एक कॉट पुरायची नाही. असा माणूस भर दुपारी अंग चोरून कडेला गेला.

"बर्री, कुंद्ररी," ते कुणाला तरी म्हणाले. या, बसा. एवढं कानडी मला कळतं. पुढचं कळलं नाही, पण त्यात शुगर होतं, बीपी होतं, हार्ट होतं. एकेक सांगून झालं की ते थांबायचे, समोरचा ऐकून घेतोय तसे.

मी उठले. सलाईनचा स्टँड धरत त्यांच्या कॉटपाशी गेले आणि दबलेल्या जागेवर तळवा टेकला. गादी गरम होती, नुकताच कुणी उठून गेलेल्या बाकासारखी. चादरीचं टोक ओढून बघितलं. आलं नाही. चादर कशाच्या तरी खाली अडकली होती.

"अक्का," रुद्राप्पा कुजबुजले, "असं करू नये. थोर माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी रुद्राप्पाही नव्हते.

ज्याला एकच दुखणं होतं, त्याच्याकडं तो पाहुणा ढुंकून बघत नव्हता. माझ्याकडंही नाही. मी डॉक्टर शांभवींना सगळं सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही.

"ऑक्सिजन उतरला की भास होतात, ताई. शिवाय पालथं व्हा, कुशीवर व्हा, असं आम्हीच सांगतो. त्या नादात माणसं कडेला जातात. आणि ज्यांना जास्त आजार आहेत, ते जास्त दगावतायत. सगळीकडं तसंच चाललंय."

मला पटलं. एकूण एक शब्द पटला. तरी त्या दुपारी मी आडवी झाले नाही. मालकांच्या कॉटकडं तोंड करून बसून राहिले.

मालक गादीच्या मधोमध उताणे झोपले होते. डब्यातला भात तसाच. खिडकीतनं तापलेल्या पत्र्याचा वास येत होता. मला डुलकी लागली असावी, कारण जाग आली ती शांततेनं. बाटल्यांमधली बुडबुड ऐकूच येत नव्हती.

मालकांचं बूड हललं.

जरासंच. बसमध्ये कुणी आलं की माणसं हलतात तसंच, अदबीनं. मग परत हलले. पाठ दांडीला टेकली. माझ्या बाजूची निम्मी गादी मोकळी झाली.

"बसा की पावणं," मालक म्हणाले.

माझ्या डोळ्यांदेखत चादर दबली. हळूहळू, वजनदार माणूस गुडघ्यावर हात टेकून बसतो तशी.

"आता काय सांगायचं तुमास्नी," मालक हसून म्हणाले. "साखर हाय. बीपी..."

"गप बसा!" मी ओरडले. "एक अक्षर बोलायचं न्हाई!"

नाकातली ऑक्सिजनची नळी काढून फेकली आणि त्या मोकळ्या जागेत मी स्वतः जाऊन बसले.

गच्च गर्दीत कुणी आपल्या मांडीवर अर्धं बसतं, तसा भार आला. ऊबदार, मोठा भार. सुटकेसमधल्या जुन्या कपड्यांसारखा वास. भीती वाटली का? वाटली की. पण त्याहून जास्त राग आला. चिमणाबाईंचा राग, रुद्राप्पांचा राग, गोड बोलून जागा बळकावणाऱ्या समद्या जगाचा राग.

"मधी या!" मी मालकांना हिसडलं. "पाय फाका! हात पसरा!"

"अगं, पावणं हाईत..."

"पावणं गेलं खड्ड्यात! सरकायचं न्हाई म्हंजे न्हाई!"

ते मधे आले. मी त्यांना खेटून, दोन्ही कोपरं बाहेर काढून बसले. आणि त्या भाराच्या तोंडावर, म्हणजे जिथं तोंड असेल तिथं बघून, गर्दीच्या वेळची माझी नेहमीची आरोळी ठोकली.

"बसायला जागा न्हाई! कळत न्हाई व्हय? यायचंच असंल तर उभ्यानं या, न्हाईतर मागची गाडी बघा!"

उशाशी स्टीलची बाटली होती. ती उचलून कॉटच्या दांडीवर दोनदा हाणली. टण, टण. डबल बेल. गाडी सोड.

मांडीवरचा भार उठला.

बुडबुड परत ऐकू यायला लागली. डॉक्टर शांभवी धावत आल्या.

"ताई, नळी कुठाय? काय चाललंय हे?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "गाडी सोडली."

मालक बरे झाले. सावकाश झाले, पण झाले. घरी सोडलं तेव्हा डॉक्टर शांभवींनी त्यांचा हात हातात धरला आणि "चार आजार घेऊन निघालात हं तुम्ही" म्हणाल्या. मी त्यांच्या सूटवरच्या नावाला नमस्कार केला, चेहरा तेव्हाही दिसला नाही.

आता फौंड्रीवाल्यांनी त्यांना गेटवर बसायचं हलकं काम दिलंय. दुपारच्या पाळीला ते माझ्याच कागल गाडीनं जातात. गोळ्यांची डबी खिशात, माझ्या पुढच्या बाकावर एकटेच, मधोमध, पाय फाकून. माझी सक्त ताकीद आहे. लोक त्यांना शिव्या घालतात. घालू देत.

परवा गाडी जवळजवळ रिकामी होती. हायवेला वळणावर उभ्या प्रवाशांनी धरायच्या वरच्या कड्या सगळ्या एका बाजूला झुलल्या, मग दुसऱ्या बाजूला. मालकांच्या डोक्यावरची कडी तेवढी हलली नाही. तिचा पट्टा खाली ताणलेला होता, कुणी मुठीत धरल्यासारखा.

मी जागेवरनं उठले नाही. उभ्यानं या, हे मीच म्हटलं होतं. सवयीनं तोंडातनं गेलं होतं.

मालकांचं बूड हललं.

"आहो," मी म्हटलं. "मधीच."

"व्हय, व्हय," म्हणत ते परत मधे सरकले. मी त्या कडीकडं बघितलं. "उभं ऱ्हायाचं तर ऱ्हावा. पाय मोडूस्तवर ऱ्हावा. मी असूस्तवर जागा मिळायची न्हाई."

एमआयडीसीच्या फाट्यावर मी बेल दिली. गाडी थांबली. मालक दांडी धरून, एकेक पायरी बघत खाली उतरले आणि फौंड्रीच्या फाटकाकडं चालू लागले.

मग कडी सुटली आणि हलायला लागली, आणि दारातली रिकामी पायरी कुणी उतरावं तशी दबली.