जहाजाला झालेली सर्दी

पडदा काळा झाला आणि अंधारात कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं.

तिला ते कळलंसुद्धा नाही. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. सगळं थिएटर असं चिडीचूप झालं होतं, की पुढच्या रांगेत कुणाच्या हातून लाह्यांचा डबा पडला तो पार मागपर्यंत ऐकू आला.

पडद्यावर घडलं होतंच तसं. पहिल्या भागात ज्या जहाजाने आपल्या कप्तानाला आगीतून काढलं, वादळातून काढलं, त्या अफाट अंतराळात त्याला जीव लावला, त्याच जहाजाने दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याला बाहेर ठेवलं. बिचारा दुरुस्तीला म्हणून बाहेर गेला, परत आला, दारावर मूठ आपटली. पहिल्या भागात नुसते दिवे मिचकावणारं जहाज या भागात बोलायला लागलं होतं. ते हळूच म्हणालं, “कप्तान, हे दार आता उघडणार नाही.”

बस्स. काळोख. नावं वर सरकायला लागली.

“नीच!” शेजारचा माणूस म्हणाला. “हलकट! दगाबाज!”

“कोण?” तिने दचकून विचारलं.

“जहाज! दुसरं कोण?” मग दिवे लागले, त्याने खाली पाहिलं आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. “अहो... माफ करा. मला वाटलं, खुर्चीचा हात आहे.”

“असू दे,” ती म्हणाली. पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. कारण जहाजाचा तो आवाज तिचा होता.

ती परभाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेत आवाज द्यायची. म्हणजे मोठ्या नायिकांना नव्हे. बाजारातला गलका, दवाखान्यातली नर्स, आगीत ओरडणारी एक बाई, आगीत ओरडणारी दुसरी बाई, असलं काम. स्टुडिओत तिचं नावच पडलं होतं ‘गर्दी’. रेकॉर्डिंगवाले काका काचेपलीकडून हाक मारायचे, “ए गर्दी, आत ये. एक मोर्चा काढायचाय.” या सिनेमात जहाजाला चारच वाक्यं होती, म्हणून ती गर्दीच्या वाट्याला आली. आता माणसाला आवाज द्यायचा तर त्याचे ओठ दाखवावे लागतात. जहाजाला ओठ कुठून आणायचे? काकांनी वाक्यं वाचून दाखवली, तिने म्हटली आणि घरी गेली. गोष्ट चोरीला जाऊ नये म्हणून चित्र कुणालाच दाखवत नव्हते. दार म्हणजे असेल एखाद्या कोठीचं, अशी तिची समजूत.

आणि आज कळलं, की आपण कप्तानाला मारलं!

जिन्यावरून उतरताना शेजारचा तो माणूस तिच्या बरोबरीने चालत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. खांद्यावरच्या पिशवीत पाना होता आणि डोक्यात जहाज.

“तुम्हीसुद्धा हादरलात ना?” तो म्हणाला. “मी पाहिलं, तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता.”

“हो... मला अजिबात कल्पना नव्हती.”

“कुणाला असणार? इतकं गोड बोलून गळा कापला हो तिने!”

तिला उगाचच राग आला. “असेल काही कारण तिचंही,” ती म्हणाली.

तो पायरीवरच थांबला. मागचे लोक त्याच्यावर आदळले. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने अंधारात दिवा लावला.

“कारण,” तो पुटपुटला. “अहो, आमची लिफ्ट! मजल्यावरचं दार कधी उघडत नाही? मागे लिफ्ट आलेली नसेल तेव्हा. उघडलं तर माणूस थेट खाली जाईल. दार अडतं ते माणूस वाचावा म्हणून. म्हणजे जहाजाच्या आत... आत काही उरलंच नसेल तर?”

ती एक पायरी परत वर चढली. “म्हणजे तिने त्याला वाचवलं?”

“तपासायला हवं,” तो म्हणाला. “उद्या परत बघू या? ...म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर. पुराव्यासाठी.”

पुराव्यासाठी माणूस इतका लाजतो हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी बसली. तो दर प्रसंगाला तिच्या कानाशी कुजबुजायचा. दिवा दोनदा लुकलुकला बघा, आत हवा नाही. शेवटचं वाक्य आलं तेव्हा तो ताठ झाला.

“ऐकलंत? ‘आता’ म्हणायच्या आधी आवाज दाटून आला! मशीन रडली हो! तिचा जीव आहे त्याच्यावर.”

ती खाली बघून हसू दाबत राहिली. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिचं नाक चोंदलं होतं. ‘आता’च्या आधी तिने शिंक गिळली होती. पण बाहेर याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही स्टुडिओची पहिली अट.

“सर्दी झाली असेल तिला,” ती म्हणाली.

“सर्दी? जहाजाला?” तो इतक्या जोरात म्हणाला, की पुढच्या चार माना वळल्या. “मी इथे काळीज फाडून सांगतोय आणि तुम्ही...!”

“बरं बरं, रडली. झालं समाधान?”

“झालं,” तो म्हणाला, आणि पडद्याऐवजी तिच्याकडेच बघत राहिला. खेळ सुटल्यावर त्याने तिचा नंबर घेतला, तोही पुराव्यासाठी, आणि तिला घरापर्यंत सोडलं.

त्याच आठवड्यात काकांनी तिला बोलावलं. “गर्दी, नशीब काढलंस! तिसऱ्या भागात जहाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलतंय. सिनेमावाल्यांना तोच आवाज हवाय. म्हण बघू.”

ती म्हणाली. काकांनी कानावरचे हेडफोन काढले, पुन्हा लावले.

“हा तो आवाज नाही, पोरी.”

“काका, मीच आहे ना!”

“तू तूच आहेस. पण त्यात ते भरून आलेलं काही होतं, ते नाही. शुक्रवारी ते ऐकायला येणार आहेत. नाही जमलं तर दुसरी कुणी घेतील. मग तू परत मोर्चे काढ.”

ती घरी आली ती सुन्न होऊन. आयुष्यभर गर्दीत ओरडल्यावर पहिल्यांदा एक पूर्ण माणूस मिळत होता, भले ते जहाज का असेना. आणि ते एका सर्दीपायी जाणार! तिने ओले केस घेऊन पंख्याखाली बसून पाहिलं. बर्फाचं पाणी प्यायलं. गच्चीवर अनवाणी फिरली. तब्येत ठणठणीत.

वहिनीने कपाळावर हात मारला. “सगळं जग सर्दीला पळवून लावतं, आणि तू तिला आवतण देतेस? तुझ्या दादाला सांगू का डॉक्टर बघायला? नाकाचा नको, डोक्याचा!”

“वहिनी, फक्त शुक्रवारपर्यंत आजारी पडू दे गं मला.”

दोघांच्या तिसऱ्या खेळाला लिफ्टवाला आला तो नाक लाल, डोळे पाणावलेले, गळ्याला मफलर.

“दूर बसा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तुम्हाला लागेल.”

तिचे डोळे चमकले. एक खुर्ची सोडून बसलेली ती उठली आणि त्याला खेटून बसली.

“अहो, लागेल म्हटलं ना!”

“लागू दे.”

तो शिंकला. तिने तोंड फिरवलं नाही. मध्यंतरात त्याने अर्धा चहा प्यायला आणि पेला खाली ठेवला, तर तिने तो उचलून सरळ ओठांना लावला.

“माझा उष्टा आहे तो!”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पिताना मात्र तिच्या छातीत काहीतरी धडधडलं, त्याचा सर्दीशी काही संबंध नव्हता.

तो उरलेला सिनेमाभर रिकामा पेलाच न्याहाळत बसला. कप्तान दारावर मुठी आपटत राहिला, पण याने एकही पुरावा दाखवला नाही.

गुरुवारी तिचं नाक चोंदलं. आनंदाने तिने वहिनीला मिठीच मारली. “लांब हो, लांब हो,” करत वहिनी पदर नाकाला लावून दादाबरोबर बाहेर गेली. संध्याकाळी घंटी वाजली.

“मी आहे,” बाहेरून लिफ्टवाल्याचा आवाज आला. “तुम्ही फोन उचलला नाहीत, म्हणून... गोळ्या आणल्यात घशाच्या. माझ्यामुळेच झालं ना सगळं.”

तिचे केस पिंजारलेले, नाकाचा टोमॅटो. ती आतूनच घाईघाईने म्हणाली, “थांबा हं! दार आता उघडणार नाही, अवतार बघण्यासारखा नाहीये...”

‘आता’च्या आधी तिने शिंक गिळली.

बाहेर गोळ्यांची डबी जमिनीवर पडली. टणटणत जिन्यावरून किती खाली गेली कोण जाणे.

“परत म्हणा,” तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

तिने जीभ चावली. मग अवतार गेला खड्ड्यात म्हणून दार उघडलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

“तुम्ही... तुम्ही जहाज आहात.”

तिने नुसतं नाक पुसलं. बोलायला बंदी होती. पण नाकाने उत्तर दिलंच होतं.

“म्हणजे ती सर्दीच होती? खरोखरची?” तो हसायला लागला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा उतरत गेला. लिफ्टमधला बिघाड शोधावा तसा तो एकेक तार जोडत होता. “खेटून बसलात... उष्टा चहा प्यायलात... तुम्हाला आजारी पडायचं होतं. कामासाठी. आणि मी दोन दिवस वेड्यासारखा...” त्याने मफलर ओढून घट्ट केला. “तुम्ही माझ्याजवळ आलाच नव्हतात. माझ्या सर्दीजवळ आला होतात.”

“तसं नाही हो—”

“मग कसं?”

काय सांगणार? सर्दी हवी होती हे खरं. तेवढंच खरं नव्हतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तो वळला. आणि जन्मभर लिफ्टवर जगलेला तो माणूस जिन्याने उतरून गेला.

शुक्रवारी ती काचेच्या खोलीत उभी राहिली. यावेळी आवाज दाटला तो नुसत्या सर्दीने नव्हे. काकांनी कानावरचं काढून डोळे पुसले. “हाच! बाई, आजपासून तुला गर्दी म्हणायचं नाही.” मग त्यांनी तिसऱ्या भागातलं एक वाक्य म्हणून घेतलं. ते वाक्य वाचून तिने तोंडावर हात ठेवला. लिफ्टवाल्याचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला होता. आणि हे जगात ज्या एका माणसाला सांगावंसं वाटत होतं, नेमकं त्यालाच सांगायची सोय नव्हती.

तिने वाट पाहिली. नाक मोकळं होईपर्यंत, खोकला जाईपर्यंत, वाफेचं भांडं वहिनीने परत फळीवर ठेवेपर्यंत. मग सिनेमाच्या शेवटच्या दिवशी ती थिएटरमध्ये गेली. तो त्याच खुर्चीवर होता. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर त्याची पिशवी ठेवलेली होती, कुणी बसू नये म्हणून. ती पिशवी उचलून मांडीवर घेऊन ती बसली.

त्याने समोर बघतच विचारलं, “सर्दी?”

“गेली.”

“काम?”

“मिळालं.”

“मला तर कधीच बरं वाटलंय,” तो म्हणाला. “माझ्याकडे देण्यासारखं काही नाही आता. मग कशाला आलात?”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. “सर्दी नाही, काम पदरात पडलेलं, सिनेमा पाठ झालेला. तरी मी इथे आहे. पुराव्यावरून अंदाज बांधता ना तुम्ही? बांधा.”

तो तिच्याकडे वळला. कप्तान दाराबाहेर राहिला तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. पहिल्या दिवशी तिचाच झाला होता तसा, तोंड उघडं ते उघडंच.

“खरं?” एवढंच तो म्हणाला.

“उष्टा चहा सर्दीसाठी प्यायले, हे खरं. पण शेवटचा थेंब कशाला प्यायले असते?”

पडद्यावर कप्तान परतत होता. मुठी आपटत होता. जहाज हळूच म्हणालं, “कप्तान, हे दार आता उघडणार नाही.” सगळ्या थिएटरने श्वास रोखला.

“तू तिचं काही मनावर घेऊ नकोस,” ती त्याच्या कानाशी म्हणाली, सर्दी नसलेल्या, स्वच्छ, स्वतःच्या आवाजात. “रविवारी घरी ये. दादा-वहिनी असतील.”

ते ‘तू’ ऐकून त्याने अंधारात हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं.

“खुर्चीचा नाही हं तो,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला.